जाजम अंथरणाऱ्यांची पोर

“ए पोरी, उतर खाली. जाजम अंथरणाऱ्यांनी जाजमावर चढायचं नसतं.”

मी चौथीत होते. धारला, समाजाच्या हॉलमध्ये गणपतीचा शेवटचा दिवस, बक्षिसांचा कार्यक्रम, आणि माइकवरून माझं नाव पुकारलेलं. पाठांतरात पहिली. शाळा हिंदी, पण आईनं चुलीपुढे बसवून मराठी श्लोक घोकून घेतले होते. मी धावत गेले. चपला बाहेर काढल्या होत्या, पाय धुतले होते. लाल जाजमावर दोन पावलं पडली नाहीत तोच समोर तक्क्याला टेकलेले नानासाहेब हे बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. माशी हाकलावी तसा हात हलवला फक्त.

सगळा हॉल हसला. वाईट हसला असंही नाही, कौतुकानं हसला. ते हसणं मला आजपर्यंत सहन होत नाही.

मग माझे आबा आले. कडेला उभे होते, नेहमीच्या जागी, भिंतीला लागून. त्यांनी माझा दंड धरून मला खाली ओढलं आणि नानासाहेबांपुढे दोन्ही हात जोडले. “चुकलं सरकार. पोर आहे.” माझं काय चुकलं होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बक्षिसाची कंपासपेटी मला जाजमाच्या कडेलाच मिळाली. कोणीतरी जाजमावरून हात लांब करून दिली, मी उचलली आणि घरी येऊन आईच्या पुढ्यात टाकली.

हे जाजम काय प्रकरण आहे ते सांगते. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. तलवार घेऊन नाही आले, कनाती आणि गाद्या-तक्के घेऊन आले. फरास. दरबार भरायचा त्याआधी बैठक घालायची, दरबार उठला की झाडून गुंडाळून ठेवायची. नानासाहेबांचे पूर्वजही त्याच फौजेबरोबर आले, ते दफ्तर घेऊन. राज्य गेलं, दरबार गेला, दफ्तरवाल्यांचे मास्तर, वकील आणि साहेब झाले, आणि आमचे आबा पिथमपूरच्या कारखान्यात लागले. पण समाजाच्या हॉलमध्ये दरबार चालूच राहिला. गणपती असो, दसरा असो, कोणाचा सत्कार असो, जाजम आमच्याच घरानं अंथरायचं. जाजम राहायचंही आमच्याच घरी, माळ्यावर, कडुनिंबाचा पाला घालून. आणि अंथरणाऱ्यानं त्यावर बसायचं नाही. कडेला उभं राहायचं, शेवटी पानसुपारी आणि नारळ कडेलाच घ्यायचा.

ह्याला म्हणायचं मान. आबा कारखान्यातून रजा टाकून यायचे ह्या मानासाठी. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत जाजमाच्या सुरकुत्या काढायचा. “राजांच्या वेळेपासून आपला मान आहे,” म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, मान आहे तर खुर्ची का नाही? आईनं पाठीत धपाटा घातला. आबा आजारी पडले, गेले, आणि मान माझ्या भावाकडे आला. दादा वीज मंडळात लाइनमन होता, तारांवर चढायला भ्यायचा नाही. नानासाहेबांच्या घरच्यांपुढे मात्र त्याची मान आपोआप खाली जायची.

मी शिकले. नोकरी लागली. अंगणवाडीच्या खात्यात सुपरवायझर, मग अधिकारी. माझ्या नोकरीचा अर्धा भाग बायका नेमण्यात गेला. गावात अंगणवाडी निघाली की कार्यकर्ता हवी, मदतनीस हवी. त्या एवढ्याशा मानधनाच्या जागेसाठी बाईला काय काय दाखवावं लागतं ते मला विचारा. दहावीचा निकाल दाखव, बारावीचा दाखव, त्याच गावची आहेस ते दाखव, गरीब आहेस ते दाखव, नवऱ्यानं टाकलंय तर टाकल्याचंही दाखव. नंतर यादी पंचायतीच्या भिंतीवर लागायची आणि ज्याला हरकत असेल त्यानं यावं. मला ते आवडायचं. नियम होता तो.

नालछ्याकडे एका गावात सरपंचाची सून आणि मजुरी करणाऱ्या एका भिलाला आदिवासीची मुलगी, अशा दोघी होत्या. मुलीचे मार्क जास्त. सरपंच माझ्या खोलीवर आला, खाट ओढून बसला. “मॅडमजी, बहू को बिठा दो, बाकी हम देख लेंगे.” मी मुलीला बसवलं. सरपंचानं बाकीचं बघितलं आणि मी निसरपूरला फेकले गेले. तिथं गावच धरणाच्या पाण्यात गेलेलं, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये, पण शेडमधल्या अंगणवाडीच्या जागेलाही कोणाची तरी भाची होतीच. तिथंही मी अडून बसले. मग लोहारदा. अशी मी धारपासून देवास जिल्ह्याच्या पार टोकापर्यंत बदल्या खात आले आणि शेवटी देवासला रिटायर झाले. रडगाणं म्हणून नाही सांगत. मला येतं काय, ते सांगते. मला दबाव आला की खुर्चीला घट्ट धरून बसता येतं.

आता मुद्द्यावर येते. राज्यात एक नवं मंडळ निघालं. नाव लिहीत नाही. दवाखान्यांच्या समित्या, विद्यापीठांच्या परिषदा, निगमांचे अध्यक्ष, असल्या मोठ्या जागांवर आजवर वरून नावं यायची. कोण आलं, का आलं, कोणी विचारायचं नाही. सुनेला बिठा दो, तेच, फक्त सून मोठ्या घरची. तर ह्या जागांवर माणसं नेमायला हे स्वतंत्र मंडळ. त्यानं जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, कारणं सांगायची. पण आधी खुद्द मंडळाला अध्यक्ष हवा, तर त्याची जाहिरात आली. शोध समिती बसली. कोणीही अर्ज करा, म्हणाले. सार्वजनिक जागांवर निष्पक्ष निवड केल्याचा अनुभव हवा, म्हणाले.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि स्वतःशीच हसले. म्हटलं, बाई, ही तर तूच आहेस. अंगणवाडीची मदतनीस नेमताना जो नियम लागतो तो साहेबांना का लागू नये, ह्यासाठी तर आयुष्यभर डोकं आपटलं. मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? मनापासून हवी होती. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. भोपाळ, पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी मी एकटीनं पोहे-जिलेबी आणून खाल्ली.

दोन दिवसांनी धारहून फोन आला. समाजाचा सचिव. वयानं लहान, पण सगळे त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणतात, मीही तेच म्हणते.

“ताई, रविवारी धारला या ना. दादांची कमर धरली आहे, जाजम कोण अंथरणार? तुमच्या घराचा मान, बाहेरच्याला कसं सांगू?”

मी विचारलं, कशाचा कार्यक्रम?

“भाऊसाहेबांचा विडा आहे ना! नव्या मंडळाचे अध्यक्ष होताहेत. तुम्हाला मालूम नाही?”

भाऊसाहेब म्हणजे त्याच नानासाहेबांचे चिरंजीव. मोठे अधिकारी होते, माझ्यासारखेच रिटायर झालेले. आणि विडा म्हणजे आमच्या समाजाची जुनी चाल. दरबारात म्हणे ज्याची नेमणूक व्हायची त्याला आधी जाजमावर बसवून विडा द्यायचे आणि हुकूम मागून निघायचा. ती चाल समाजानं सोडलेली नाही. कोणी मोठ्या जागेवर जाणार असला की जायच्या आधी जाजमावर विडा. त्यामुळे मुलाखती व्हायच्या आहेत, निकाल लागायचा आहे, आणि हे लोक सत्कार करून मोकळे होताहेत, हे त्यांतल्या एकालाही चुकीचं वाटलं नाही. लपवलंसुद्धा नाही हो कोणी! व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण फिरत होतं. विडा कोणाच्या हस्ते, तेही लिहिलं होतं. भाऊसाहेबांच्या साडूंच्या हस्ते. आणि साडू कोण? शोध समितीचे सदस्य.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न आधीच लागलेलं, आणि आम्ही बाकीचे पोहे खायला बोलावलेले. वर मांडव मीच घालायचा.

भियाला मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. येते, म्हटलं.

रविवारी देवासहून इंदूर, इंदूरहून धार, अशी बस धरून गेले. दादा घरी पट्टा बांधून बसला होता. मी अर्ज केल्याचं त्याला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, आपल्याला कशाला पाहिजे तिथं? त्यांच्या घरात वाद घालायचा का? मी विचारलं, मंडळ त्यांच्या घरातलं आहे का? तो म्हणाला, तू जाजम अंथरून ये आणि गप मागे जाऊन उभी राहा. मी येतो मागून, हळूहळू.

हॉलमध्ये माणसं जमली होती. जाजमाची वळकटी भियानं रिक्षातून आणवून दाराशी ठेवली होती. चपला बाहेर निघाल्या होत्या, सगळे भिंतीला लागून उभे, गप्पा मारत, कधी अंथरतेय म्हणून वाट बघत. एकानंही त्या वळकटीला हात लावला नाही. मी तिथं पोचले तर भाऊसाहेब स्वतः पुढे आले. पांढरा झब्बा, अत्तर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असतील नसतील, पण मला पहिल्यापासून अगं-तुगं.

“अगं, तूपण अर्ज केलायस म्हणे? छान छान. अनुभव येतो. फक्त तिथं मराठी नको हं बोलू, तुझं हे माळवी मराठी ऐकून मंडळ बरखास्त करतील.”

सगळे हसले. तेच हसणं. चौथीतलं. मी दाराशी उभी, हातात जाजमाची दोरी. मला वाटलं होतं मी रिटायर झालेली बाई आहे, सरपंचांना पुरून उरलेली बाई आहे. एका हसण्यात मी परत कंपासपेटीपाशी आले.

मी दोरी सोडली. वळकटी ढकलत ढकलत नेली, जाजम उलगडत गेलं. लाल रंग आता विटकरी झालाय, एका कोपऱ्याला आबांनी घातलेलं ठिगळ आहे. सुरकुत्या काढल्या. गादी घातली, तक्क्या लावला. अगदी आबा करायचे तसं. भिया “वा ताई” म्हणाला.

आणि मी गादीसमोर, जाजमाच्या मधोमध, मांडी घालून बसले.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. काही पडलं असेल, वेचत असेल, असं वाटलं असणार. मग हळूहळू गप्पा थांबल्या. भिया वाकून म्हणाला, ताई, झालं ना, आता कडेला. मी म्हटलं, झालं, आता बसा सगळे. कोणी बसेना. चांगली शिकलेली माणसं ही. प्राध्यापक, डॉक्टर, देवळाचे पुजारी, शाळेच्या बाई. जातपात आम्ही मानत नाही असं भाषण करणारी. जाजम केवढं मोठं, मी केवढीशी जागा अडवलेली, पण त्यावर पाय ठेवायला एक जण तयार नाही. मी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण सुकल्यासारखं. म्हणाले, “भिया, खुर्च्या मागव.”

आणि खुर्च्या आल्या! शेजारच्या मंगल कार्यालयातून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि जाजमाच्या कडेला, भिंतीला लागून मांडल्या गेल्या. राजांच्या वेळची चाल, जाजमावरच विडा द्यायचा म्हणून जपलेली चाल, ती मोडली त्यांनी. माझ्याशेजारी बसण्यापेक्षा ती मोडणं सोपं वाटलं. जिथं आबा उभे राहायचे, अगदी त्याच पट्टीवर भाऊसाहेब खुर्ची टाकून बसले. साडू उठले, त्यांनी शाल घातली, नारळ दिला, विडा हातात दिला. टाळ्या वाजल्या. मी मधे एकटी बसलेली. मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, इतका की कानात सूं आवाज होत होता, आणि त्या रागाच्या आत पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. ह्या लोकांना जाजमाचं काही नाही. ह्यांना फक्त मी कडेला हवी आहे.

तेवढ्यात दादा आला. कमरेला पट्टा, एक हात भिंतीला. जाजमाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. माझ्या वयाच्या बाईला भर सभेत म्हणाला, “ऊठ गं. ऊठ आधी.” मी हलले नाही. मग तो भाऊसाहेबांकडे वळला, आणि मला मालूम होतं तो आता काय करणार. त्यानं दोन्ही हात जोडले.

“चुकलं सरकार. तिचं जरा...”

“दादा, हात खाली कर,” मी म्हटलं. “आबांनी जोडले तेव्हा मी लहान होते. आता नाहीये.”

त्यानं हात खाली केले नाहीत. जोडलेल्या हातांनीच माझ्याकडे बघत राहिला. त्या घडीला मला भाऊसाहेबांपेक्षा माझ्या सख्ख्या भावाचा संताप आला होता. आजही येतो. ज्यानं हिणवलं त्याच्याशी भांडता येतं हो, पण आपल्या रक्ताचा माणूस आपल्या वतीनं माफी मागतो तेव्हा कोणाची कॉलर धरायची?

मी कार्यक्रम संपेपर्यंत बसले. पेढे वाटले, मला कोणी दिला नाही. सगळे गेल्यावर मी उठले, आणि जाजम गुंडाळलं नाही. आमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी जाजम पसरलेलं सोडून हॉलच्या बाहेर पडलं. दादानं नंतर पट्टा बांधून, कण्हत कण्हत ते गुंडाळलं, असं भियानं सांगितलं.

भोपाळला मुलाखतीला गेले. सगळ्यांनी सांगितलं जाऊ नको, ठरलेलंच आहे. ठरलेलं होतं म्हणूनच गेले. टेबलापलीकडे तिघे. मधले शोध समितीचे अध्यक्ष, वयस्क गृहस्थ, चष्मा पुसत होते. एक बाई. आणि कडेला साडू, फायलीत डोकं घालून. अध्यक्षांनी नालछ्याचं विचारलं, निसरपूरचं विचारलं, मी सांगितलं. बाईंनी चांगले प्रश्न विचारले. मग साडूंनी डोकं वर केलं. हिंदीत, फार गोड आवाजात म्हणाले, की अशा पदावर सगळ्यांना घेऊन चालावं लागतं, आणि ऐकण्यात आलंय की तुमचा स्वभाव जरा वादाचा आहे, समाजातसुद्धा.

मी मराठीतच बोलले. माझ्या त्या माळवी मराठीत. त्यांना चांगलं समजतं, धारचे जावई आहेत.

“साहेब, ज्याला तुम्ही स्वतःच्या हातानं विडा दिलात, तोपण बाहेर बाकावर बसलाय मुलाखतीला. तुम्ही त्याचे साडू. माझा स्वभाव राहू द्या. तुम्ही ह्या खुर्चीवरून उठा.”

मग अध्यक्षांसाठी तेच हिंदीत सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांनी चष्मा पुसायचा थांबवला. साडूंकडे बघितलं. साडू म्हणाले, कौटुंबिक कार्यक्रम होता. अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, आप जा सकती हैं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. कोणी उठलं नाही.

भाऊसाहेब अध्यक्ष झाले. पेपरात फोटो आला, शपथ घेतानाचा. मी लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलेलं नाही. समाजाच्या ग्रुपमधून मला काढून टाकलंय. दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी चोरून फोन करते आणि सांगते, ते म्हणतात बहिणीनं घराण्याचा मान घालवला. मी वहिनीला म्हटलं, त्याला सांग, घालवला. मुद्दाम घालवला. आणि ह्या गणपतीला आमच्या घरातून जाजम अंथरायला कोणी जाणार नाही. दादा गेला तर मी हॉलच्या दारात आडवी पडेन, त्यानं मला ओलांडून जावं.

आता भाऊसाहेबांच्या त्या स्वतंत्र मंडळाची पहिली जाहिरात आलीय. जिल्ह्याच्या दवाखाना समित्यांवर माणसं हवीत. धारलाही, देवासलाही. मी अर्ज केलाय. नालछ्याच्या त्या मुलीला फोन केला, ती आता चांगली जाणती कार्यकर्ता आहे, तिनंही केला. निसरपूरच्या शेडमधल्या दोघींनी केला, लोहारद्याच्या मदतनीस बाईनं केला. तिनं विचारलं, मॅडम, आपल्याला घेतील का? मी म्हटलं, नाही घेणार. पण नाही का घेतलं ते त्यांना तुझ्या तोंडावर सांगावं लागेल, आणि नाही सांगितलं तर मी तुझ्यासोबत त्यांच्या दारात येऊन बसेन. हे मंडळ निघालंच मुळी कारणं सांगण्यासाठी. तर ऐकून घेऊ. प्रत्येक जागेचं कारण, प्रत्येक वेळी.

हे निकालही विड्यानं ठरलेले असतील. असू देत. मुलाखतीच्या खोलीत साडू असला तर त्याला ऊठ म्हणणार, भाचा असला तर भाच्याला म्हणणार. ते खुर्च्या मागवतील, भिंतीला लागून मांडतील. मांडू देत. मी मधोमध बसणार आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी कडेला उभं राहावं.